दयेचा भाष्यकार : जॉन कॅल्व्हिन

आमच्या मंडळ्यांतील कितीतरी मुलेमुली आज एम. ए. आणि पीएच. डी. साठी प्रबंध लिहीत असतात. रात्ररात्र जागून टिपणे काढायची, ग्रंथालयाच्या पायऱ्या झिजवायच्या, मार्गदर्शकांचा होकार मिळेपर्यंत तेच प्रकरण पुन्हा पुन्हा लिहायचे, आणि शेवटी पदरमोड करून बांधणी करून आणायची. प्रबंध हाती आला की आईवडील तो कौतुकाने पाळकसाहेबांना दाखवतात आणि त्या रविवारी उपकारस्तुतीचे दान देतात. हा आनंद रास्तच आहे.

सुमारे पाचशे वर्षांपूर्वी फ्रान्स देशातील एका तरुणाने असाच एक प्रबंध लिहिला. त्या काळी आजच्यासारखी पीएच. डी. नव्हती. विद्वानांच्या पंक्तीत बसायचे असेल तर एखाद्या ग्रीक किंवा लॅटिन ग्रंथकाराचा ग्रंथ घेऊन त्यावर भाष्य लिहून दाखवावे लागे. या तरुणाने सेनेका या रोमी तत्त्ववेत्त्याचा दयेविषयीचा ग्रंथ निवडला. तो तरुण म्हणजे जॉन कॅल्व्हिन.

कॅल्व्हिनचे नाव आम्ही संडे-स्कूलपासून ऐकत आलो आहो. आमच्या मंडळ्यांत वडील निवडले जातात, डीकन नेमले जातात, ती पद्धत पुष्कळ अंशी त्याने जिनीव्हा शहरात घालून दिलेल्या व्यवस्थेतून आली. कोल्हापूर, सांगली, मिरज या बाजूला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी आणि इंदूरकडे 1877 पासून कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी काम केले. त्यांच्याबरोबर कॅल्व्हिनची शिकवण आमच्या आजा-पणजांच्या घरांत आली. परंतु त्याच्या पहिल्या पुस्तकाबद्दल आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्या पुस्तकाचा धागा धरून त्याचे जीवन पाहिले, तर ते आमच्याशीही काही बोलते असे आम्हांस वाटते.

नोयोंचा मुलगा

कॅल्व्हिनचा जन्म 10 जुलै 1509 रोजी उत्तर फ्रान्समधील नोयों या गावी झाला. हे बिशपचे गाव होते आणि तेथील पुष्कळसा व्यवहार कॅथीड्रलच्या अवतीभवती चाले. वडील जेरार हे तेथील धर्मकचेरीत लेखनाची व कायद्याची कामे पाहत. आई जान ही मुले लहान असतानाच वारली. जेरार मोठे हिशेबी गृहस्थ होते. मुलगा बारा वर्षांचा असतानाच त्यांनी कॅथीड्रलमधील एका वेदीच्या उत्पन्नाचा वाटा त्याच्या नावे करून घेतला. मुलाने सेवा काही करायची नाही, उत्पन्न मात्र घ्यायचे, असा त्या काळचा रिवाज होता. त्या पैशावर मुलाचे शिक्षण चालले.

पुढे तो पॅरिसला गेला. तेथे मातुरें कोर्दिए नावाचे लॅटिनचे एक उत्तम शिक्षक होते. वरच्या वर्गात येणाऱ्या मुलांचा पाया कच्चा असतो हे पाहून त्यांनी आपण होऊन खालचा वर्ग शिकवायला घेतला होता. कॅल्व्हिनला ते थोडेच दिवस लाभले, पण तेवढ्यात भाषा म्हणजे काय हे त्याला कळले. त्याने हे ऋण कधी विसरले नाही. 1550 साली त्याने थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रावरील आपले भाष्य या म्हाताऱ्या शिक्षकांनाच अर्पण केले. संडे-स्कूलमध्ये लहान मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या आमच्या बहिणींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मुलाने पुरोहित व्हावे असे वडिलांच्या मनात आधी होते. नंतर त्यांनी विचार बदलला. वकिलीत पैसा अधिक, म्हणून त्यांनी त्याला ऑर्लेआं व बूर्ज येथील विद्यापीठांत कायदा शिकायला पाठवले. मुलाने आज्ञा पाळली. त्याच काळात मेल्खिओर व्होल्मार या जर्मन शिक्षकांनी त्याला ग्रीक भाषेची गोडी लावली. व्होल्मार ल्यूथरच्या मताकडे झुकलेले होते. त्यांच्याजवळ शिकलेले ग्रीक पुढे नव्या करारासाठी कामी येणार आहे, याची त्या विद्यार्थ्याला तेव्हा कल्पनाही नसेल.

मे 1531 मध्ये जेरार वारले. ज्या कॅथीड्रलच्या कामात त्यांनी आयुष्य घालवले, त्याच्याच धर्मगुरूंच्या मंडळाशी हिशेबावरून त्यांचा वाद झाला होता आणि त्यांना बहिष्कृत करण्यात आले होते. त्यांना पवित्र भूमीत मूठमाती मिळावी म्हणून थोरला मुलगा शार्ल याला धर्मगुरूंपुढे खटपट करावी लागली. बापाच्या मृतदेहासाठी दयेची याचना करण्याची वेळ घरावर आली. त्यानंतर वर्ष उलटण्यापूर्वीच धाकट्या भावाचे दयेविषयीचे पुस्तक बाहेर पडले.

सेनेका आणि त्याचा ग्रंथ

सेनेका हा प्रेषित पौलाच्या काळातला मनुष्य. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात करिंथ येथे पौलाला गल्लियो नावाच्या अधिकाऱ्यापुढे उभे केल्याचा प्रसंग आहे. तो गल्लियो हा सेनेकाचाच थोरला भाऊ. सेनेका स्वतः राजकुमार नीरोचा शिक्षक होता. इ. स. 54 साली नीरो कोवळ्या वयात सम्राट झाला, आणि थोड्याच काळात सेनेकाने त्याला उद्देशून हा ग्रंथ लिहिला.

ग्रंथाचा विषय असा : ज्याच्या हाती शिक्षा देण्याचा अधिकार आहे त्याने आपला हात आवरावा, यातच त्याचे थोरपण आहे. सेनेका उदाहरणे देतो. मधमाश्यांच्या राजाला नांगी नसते, म्हणजे जो सर्वांत मोठा त्याच्याजवळ इजा करण्याचे साधन सृष्टीनेच ठेवले नाही, असे तो सांगतो. सम्राट ऑगस्टसविरुद्ध सिन्ना नावाच्या माणसाने कट केला. ऑगस्टसने पत्नीचा सल्ला ऐकून त्याला बोलावले, समजावले, आणि सोडून दिले. पुढे ऑगस्टसला त्याच्यासारखा एकनिष्ठ मित्र मिळाला नाही. खुद्द नीरोचाही एक प्रसंग सेनेका सांगतो. देहान्ताच्या हुकमावर सही करण्याची वेळ आली तेव्हा, आपल्याला लिहिता येत नसते तर बरे झाले असते, असे तो तरुण सम्राट खेदाने म्हणाला होता.

पुढे काय झाले ते आम्हांला ठाऊक आहे. नीरोने 59 साली आपल्या जन्मदात्या आईला मारवले. त्या कृत्याचे समर्थन करणारे जे पत्र रोमच्या वरिष्ठ सभेकडे गेले ते सेनेकाने लिहून दिले, असे रोमी इतिहासकार टॅसिटस नोंदवतो. 64 सालच्या आगीनंतर नीरोने ख्रिस्ती लोकांचे हाल केले. 65 साली त्याने आपल्या जुन्या शिक्षकालाही मरणाचा हुकूम पाठवला. म्हणजे ज्याने दयेचा ग्रंथ लिहिला त्याला सत्य धरून राहता आले नाही, आणि ज्याच्यासाठी लिहिला त्याला दया करता आली नाही. ग्रंथ मात्र चांगला होता.

पदरमोड करून छापलेले पुस्तक

कॅल्व्हिनने हा ग्रंथ घेतला यामागे तरुणपणाची ईर्षाही होती. त्या काळचा सर्वांत मोठा पंडित इरास्मस याने सेनेकाच्या ग्रंथांची आवृत्ती काढली होती, आणि 1529 साली ती सुधारून पुन्हा प्रसिद्ध केली होती. इरास्मसच्या नजरेतून सुटलेल्या गोष्टी आपण दाखवून देऊ, असा या बाविशीच्या तरुणाला विश्वास होता. राजा पहिला फ्रान्सिस याने 1530 साली पॅरिसमध्ये ग्रीक व हिब्रूचे अध्यापक नेमले होते. त्यांच्याजवळ शिकत शिकत त्याने काम पुरे केले.

त्याची पद्धत अशी होती. मूळ ग्रंथातील एक वाक्य घ्यायचे. त्यातील शब्दांचा नेमका अर्थ सांगायचा. तोच शब्द सिसेरोने किंवा दुसऱ्या कोणी कोठे वापरला आहे ते दाखवायचे. मग त्यामागचा इतिहास, रोमी कायदा, आणि लेखकाचा हेतू उलगडायचा. पानापानावर ग्रीक व लॅटिन ग्रंथकारांचे दाखले आहेत. पवित्र शास्त्रातील दाखले मात्र अगदी थोडे, बोटांवर मोजण्यासारखे.

एप्रिल 1532 मध्ये हे पुस्तक पॅरिसमध्ये छापून निघाले. ते नोयोंच्या आंजेस्त घराण्यातील क्लोद या बालमित्राला अर्पण केलेले होते. छपाईचा सगळा खर्च कॅल्व्हिनने स्वतः सोसला. खर्च अंदाजाबाहेर गेला. मग त्याने मित्रांना पत्रे लिहायला सुरुवात केली. पुस्तकाबद्दल लोक काय म्हणतात ते कळवा, ते खपेल असे पाहा, ओळखीच्या अध्यापकांना त्यावर व्याख्याने द्यायला सांगा, अशा त्या विनवण्या आहेत. ज्याने आपला प्रबंध छापून मित्रांच्या गळ्यात प्रती घातल्या आहेत, त्याला ही पत्रे वाचून हसू येईल आणि थोडी दयाही येईल. त्याला हवी होती तशी कीर्ती त्या पुस्तकाने मिळाली नाही.

पण त्या पुस्तकात एक जागा अशी आहे की तेथे विद्यार्थी थांबतो आणि आपल्या गुरूला विरोध करतो. सेनेका हा स्तोइक मताचा होता. शहाण्या माणसाने दया करावी, परंतु मनात कळवळा येऊ देऊ नये, असे तो मानी. रडणाऱ्याचे अश्रू पुसावे, आपण मात्र रडू नये. कळवळा ही त्याच्या मते मनाची दुर्बलता. कॅल्व्हिन म्हणतो की हे आपल्याला पटत नाही. कळवळा हा सद्गुण आहे, आणि ज्याच्या मनात कळवळा नाही तो मनुष्य चांगला असू शकत नाही. लाजराच्या कबरेजवळ आमचा प्रभू रडला हे आम्ही जाणतो, म्हणून येथे आमचे मन त्या तरुण भाष्यकाराच्या बाजूने उभे राहते. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याचीच परीक्षा झाली.

मनाचा पालट

पुस्तक निघाल्यानंतरच्या एकदोन वर्षांत कॅल्व्हिनच्या जीवनाने वेगळे वळण घेतले. देवाने एकाएकी आपले हट्टी मन वळवले आणि शिकण्यास योग्य केले, असे त्याने 1557 साली स्तोत्रसंहितेवरील भाष्याच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे. 1 नोव्हेंबर 1533 रोजी त्याचा मित्र निकोला कोप याने पॅरिस विद्यापीठाचा प्रमुख या नात्याने सुवार्तेकडे झुकणारे भाषण केले. त्यावर मोठा गहजब झाला. कोपला पळावे लागले आणि कॅल्व्हिनलाही पॅरिस सोडावे लागले. मे 1534 मध्ये तो नोयोंला गेला आणि लहानपणापासून खात आलेल्या चर्चच्या उत्पन्नावरचा हक्क त्याने सोडून दिला. पोटाचा आधार गेला, पण मन मोकळे झाले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात पॅरिसच्या भिंतींवर मिस्साविधीच्या विरोधात पत्रके लागली, आणि राजाने छळ आरंभला. ज्या व्यापाऱ्याच्या घरी कॅल्व्हिन पॅरिसला राहत असे, त्या एत्येन द ला फोर्ज यांना 1535 च्या फेब्रुवारीत जिवंत जाळण्यात आले. कॅल्व्हिन स्वित्झर्लंडमधील बासेल शहरी जाऊन राहिला. तेथे मार्च 1536 मध्ये त्याचे दुसरे पुस्तक निघाले. ख्रिस्ती विश्वासाची मूलतत्त्वे सांगणारा हा ग्रंथ जगभर इन्स्टिट्यूट्स या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्या आरंभी राजा फ्रान्सिसला उद्देशून पत्र आहे. जाळल्या जाणाऱ्या विश्वासणाऱ्यांची बाजू ऐकून घ्यावी, अशी त्यात विनवणी आहे. दयेवरचे पहिले पुस्तक विद्वत्तेसाठी लिहिले होते. हे पत्र मेलेल्या मित्रांची आठवण मनात ठेवून लिहिलेले आहे. त्या पहिल्या आवृत्तीत त्याने असेही लिहिले होते की धर्माच्या विरोधकांना तलवारीच्या धाकाने वळवू नये, त्यांना शिकवून, सौम्यतेने व प्रार्थनेने जिंकावे. पुढच्या आवृत्त्यांत हा मजकूर तसा राहिला नाही.

भाष्यकाराची हत्यारे

1536 च्या उन्हाळ्यात तो जिनीव्हातून जात असता फारेल या उपदेशकाने त्याला देवाची भीती घालून तेथेच थांबवले. 1538 साली नगरसभेशी मतभेद होऊन दोघांनाही शहर सोडावे लागले. तीन वर्षे कॅल्व्हिन स्ट्रासबुर्गला फ्रेंच निर्वासितांची मंडळी सांभाळत राहिला. तेथे 1540 साली इदेलेत द ब्यूर या विधवा स्त्रीशी त्याचा विवाह झाला. त्यांचे बाळ जन्मल्यावर थोड्याच दिवसांत वारले. 1549 साली इदेलेतही गेली. पोटाचे विकार, अर्धशिशी, संधिवात यांनी त्याला शेवटपर्यंत सोडले नाही.

1540 साली त्याचे रोमकरांस पत्रावरील भाष्य निघाले. ते वाचताना सेनेकावरील जुन्या प्रबंधाची पद्धत स्पष्ट ओळखू येते. शब्दाचा नेमका अर्थ, त्यामागचा काळ आणि प्रसंग, लेखकाचा हेतू, हे सगळे येथेही आहे. पण येथे विद्वत्तेचा पसारा नाही. थोडक्यात व उघड सांगावे हा त्याने नियम केला. एका रोमी तत्त्ववेत्त्यासाठी पाजळलेली हत्यारे देवाने आपल्या वचनासाठी वापरून घेतली. नव्या करारातील बहुतेक सर्व पुस्तकांवर आणि जुन्या करारातील पुष्कळ पुस्तकांवर त्याने भाष्ये केली. आमच्या तरुणांनी येथे धीर धरावा. ग्रीक, संस्कृत, इतिहास किंवा कायदा शिकण्यात घालवलेली वर्षे देवाच्या कामी वाया जात नाहीत.

1541 साली जिनीव्हाने त्याला परत बोलावले. त्याच वर्षी त्याने पाळक, शिक्षक, वडील आणि डीकन अशा चार सेवा ठरवून मंडळीची घटना तयार केली. फ्रान्समधून पळून आलेल्या हजारोंना त्या शहराने आसरा दिला.

27 ऑक्टोबर 1553

आता जी गोष्ट सांगायची ती टाळावी असे मनात येते. परंतु पवित्र शास्त्र दाविदाचे पाप झाकत नाही, पेत्राचे झाकत नाही, तेव्हा आम्हीही झाकू नये.

मिखाएल सर्व्हेटस हा स्पेन देशातील वैद्य होता. रक्त फुप्फुसांतून कसे फिरते याचे वर्णन त्याच्या ग्रंथात आहे. तो त्रैक्याची शिकवण आणि बालबाप्तिस्मा नाकारत असे. त्याचा व कॅल्व्हिनचा पत्रव्यवहार झाला आणि तो कडवट होत गेला. हा मनुष्य जिनीव्हात आला आणि माझे चालले, तर त्याला जिवंत जाऊ देणार नाही, असे कॅल्व्हिनने 1546 साली फारेलला कळवले होते. 1553 साली फ्रान्समधील व्हिएन गावी सर्व्हेटसवर खटला झाला. त्या खटल्यासाठी त्याची काही पत्रे जिनीव्हाहून, कॅल्व्हिनकडूनच, पुरवली गेली. तो तुरुंगातून निसटला, आणि 13 ऑगस्ट रोजी जिनीव्हात पकडला गेला.

खटला नगरसभेपुढे चालला. कॅल्व्हिनला तेव्हा शहराचे नागरिकत्वही नव्हते, आणि सभेत त्याच्या विरोधकांचा जोर होता. निकाल त्याने दिला नाही हे खरे. परंतु आरोपांची कलमे त्याने तयार केली, वादविवाद त्याने केला, आणि देहान्ताची शिक्षा व्हावी अशी त्याची इच्छा होती. झुरिक, बर्न, बासेल व शाफहाउझेन येथील मंडळ्यांची मते मागवली गेली. सर्वांनी सर्व्हेटसला दोषी म्हटले. तुरुंगात त्याच्या अंगावर उवा झाल्या होत्या, कपडे फाटले होते, थंडी वाजत होती. त्याने सभेकडे अर्ज करून हे सांगितले. शेवटी जाळण्याची शिक्षा झाली. जाळू नये, तलवारीने शिरच्छेद करावा, एवढी विनंती कॅल्व्हिनने केली. ती मान्य झाली नाही. दयेवर शेकडो टिपा लिहिणाऱ्याची दया तेथे येऊन थांबली.

27 ऑक्टोबर रोजी कॅल्व्हिन त्याला तुरुंगात भेटला. सर्व्हेटसने क्षमा मागितली. आपले त्याच्याशी वैयक्तिक वैर कधीच नव्हते, असे कॅल्व्हिनने सांगितले आणि त्याला देवाची क्षमा मागण्यास सुचवले. त्यानंतर शांपेल नावाच्या टेकाडावर सर्व्हेटसला जाळण्यात आले. मरताना त्याने येशूला हाक मारून दया मागितली, अशी नोंद आहे.

शांपेलचा दगड

तो काळच तसा होता, असे आम्ही पटकन म्हणून मोकळे होतो. त्या काळी दोन्ही बाजूंनी माणसे जाळली हे खरेच आहे. परंतु त्याच काळात सेबास्त्यां कास्तेल्यो नावाचा एक गरीब शिक्षक होता. तोही ग्रीक आणि लॅटिनचा पंडित. स्ट्रासबुर्गला तो काही दिवस कॅल्व्हिनच्या घरी राहिला होता आणि पुढे जिनीव्हाच्या शाळेचा मुख्य झाला होता. मतभेद झाल्यावर तो बासेलला गेला, हलाखीत दिवस काढले, आणि 1553 साली तेथे ग्रीकचा अध्यापक झाला. 1554 साली त्याने टोपणनावाने एक पुस्तक काढले. विश्वासाच्या बाबतीत माणसांना ठार मारू नये, असे सांगणारे मोठमोठ्या धर्मशिक्षकांचे उतारे त्यात एकत्र केले होते. त्या उताऱ्यांत खुद्द कॅल्व्हिनचेही जुने लेखन होते. म्हणजे त्या काळातही एका माणसाला हे दिसले होते. ते कॅल्व्हिनलाही पूर्वी दिसलेले होते.

कॅल्व्हिनने आपले म्हणणे शेवटपर्यंत सोडले नाही. 1559 साली त्याने जिनीव्हात विद्यालय स्थापन केले आणि तेथे ग्रीक, लॅटिन व हिब्रू शिकवण्याची सोय केली. त्याचे म्हातारे शिक्षक कोर्दिएही अखेरीस जिनीव्हातच येऊन राहिले. त्याच वर्षी इन्स्टिट्यूट्सची शेवटची मोठी आवृत्ती निघाली. तीत राज्यकर्त्यांच्या कर्तव्यांविषयी लिहिताना, दया हे राजाचे श्रेष्ठ लेणे आहे या जुन्या विचाराची त्याने पुन्हा आठवण केली आहे. शब्द त्याच्याजवळ शेवटपर्यंत होते. 27 मे 1564 रोजी तो प्रभूमध्ये झोपी गेला. आपल्या कबरेवर दगड नको असे त्याने सांगून ठेवले होते. म्हणून त्याला साध्या स्मशानात, नाव न लिहिता, पुरण्यात आले.

दगड उभा राहिला तो दुसऱ्याचा. सर्व्हेटसच्या मृत्यूला 350 वर्षे झाली तेव्हा, 1903 साली, कॅल्व्हिनला गुरू मानणाऱ्या लोकांनीच शांपेल येथे एक पाषाण उभारला. आम्ही कॅल्व्हिनचे कृतज्ञ वारस आहो, परंतु ती चूक होती, असा त्यावरील लेखाचा आशय आहे. गुरूचा मान राखून गुरूची चूक दगडावर कोरणे सोपे नसते. अशा पश्चात्तापाचे दुसरे उदाहरण मंडळीच्या इतिहासात सहसा आढळत नाही.

आमचा प्रबंध

हे सांगताना कॅल्व्हिनला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून आम्ही न्यायाधीश व्हावे असा आमचा हेतू नाही. आमच्या स्वतःच्या मनात या गोष्टीने एक जुनी जखम उघडली.

धर्मशास्त्राच्या पदविकेसाठी आम्हांला एक निबंध लिहावा लागला होता. विषय होता नव्या करारातील क्षमा. आम्ही ग्रीक शब्दांचे अर्थ शोधले, दाखले जमवले, रात्री जागलो. परीक्षकांनी चांगले गुण दिले. त्या सबंध वर्षात वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून आमचा व आमच्या सख्ख्या धाकट्या भावाचा अबोला होता. एकाच मंडळीत आम्ही दोन वेगळ्या बाकांवर बसत होतो. तो निबंध लिहिताना एकदाही आम्हांला त्याची आठवण झाली नाही. पुढे एका नाताळच्या आदल्या संध्याकाळी आम्ही त्याच्या दारी गेलो तेव्हा हातात निबंध नव्हता, आणि तोंडातून नीट शब्दही फुटत नव्हते. भावजयीने चहा ठेवला. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने आमच्यासाठी पाट पुढे सरकवला.

सेनेकाने दयेवर ग्रंथ लिहिला, नीरोला तो मिळाला, कॅल्व्हिनने त्यावर भाष्य केले. तिघांनाही दया म्हणजे काय हे कळत होते. आम्ही उपदेशक आणि संडे-स्कूलचे शिक्षक दर आठवड्यास हेच काम करतो. वचन घेतो, शब्द उलगडतो, मुलांना अर्थ सांगतो. हे काम चांगले आहे आणि ते नीट तयारीनिशी केले पाहिजे. त्यात आळस करणाऱ्याने कॅल्व्हिनकडून शिकावे. परंतु पाठ संपल्यावर आमचा सर्व्हेटस कोण, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. ज्याचे मत आम्हांला सहन होत नाही, ज्याच्या पडण्याने आम्हांला आतून बरे वाटते, जो मंडळीच्या वार्षिक सभेत आमच्या विरुद्ध बोलला होता, तो कोण? त्याच्या अंगावर फाटके कपडे असताना आम्ही काय करणार आहो?

या आठवड्यात संडे-स्कूलच्या शिक्षकांनी मीखा 6:8 आणि लूक 6:36 ही वचने काढून मुलांसमोर वाचावी आणि जिनीव्हाची ही गोष्ट थोडक्यात सांगावी. मोठी माणसेही चुकतात हे कळल्याने मुलांचा विश्वास डळमळत नाही. आपण तो लपवला हे त्यांना पुढे कळले तर मात्र डळमळतो.

दयाळू पिता आम्हांला अभ्यासाची आवड देवो, आणि अभ्यासात जे शिकलो ते दारात उभ्या असलेल्या माणसापुढे विसरू न देवो.